खोळीचं माप

"ट्रॅक्टर ठीक आहे," मिस्त्री फोनवर म्हणाला.

मी तेव्हा दुकानात बसची सीट उसवत होतो. जुनं रेक्झिन निघत नव्हतं, म्हणून फोन मान वाकडी करून खांद्याशी धरला होता आणि हाताने टाके तोडत होतो. मी विचारलं, "का, ट्रॅक्टरला काय झालं होतं?"

"तू आधी बस."

"अरे, मी बसलेलोच असतो. माझं कामच बसायचं."

तो हसला नाही. गॅरेजवाल्या मिस्त्रीची आणि माझी ओळख लहानपणापासूनची आहे. माझ्या फालतू बोलण्यावरही तो हसतो, लोक वळून बघतील इतका हसतो. तो हसला नाही तेव्हाच मला कळलं. पुढे त्याने जे सांगितलं ते मी ऐकलं, पण कळायचं ते आधीच कळलं होतं. ट्रॅक्टर ठीक आहे, म्हणजे ही ठीक नाही.

ही म्हणजे माझी बायको. छोटा ट्रॅक्टर तिचा होता. फळबागेच्या दोन ओळींमधून, रोपवाटिकेच्या जाळीखालून, शाळेच्या मैदानावरून मोठा ट्रॅक्टर नेता येत नाही. तिथे हिचा जायचा. पुढे माती उचलायचं बकेट, मागे जमीन भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर. काम गावोगावी, म्हणून पिकअप गाडी, गाडीच्या मागे ट्रेलर, आणि ट्रेलरवर ट्रॅक्टर, अशी तिची सकाळी वरात निघायची. मी गाडी चालवत नाही. आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवल्या, पण चालवायच्या सीटवर बसलो तो फक्त शिवण बघायला. ही सगळ्यांना सांगायची, "आमच्याकडे बसायचं काम यांच्याकडे आणि फिरायचं माझ्याकडे."

काय झालं ते मिस्त्रीने एकदम सांगितलं नाही. थोडं थोडं सांगितलं. डोंगर उतरताना दुसऱ्या वळणाच्या अलीकडे ट्रेलर डोलायला लागला. आधी जरासा, मग जास्त. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने पाहिलं. तो म्हणाला, दोरीला बांधलेली बादली झुलते तसा झुलत होता. हिने ब्रेक दाबला. पिकअप आडवी फिरली आणि उलटली. ट्रेलर हुकातून निसटला आणि कठड्याला जाऊन टेकला. त्याच्यावर ट्रॅक्टर जसाच्या तसा. साखळ्या हिने बांधल्या होत्या. हिच्या बांधण्यात कधी ढिलाई नसायची.

मी मिस्त्रीला एकदाच विचारलं, "पण का डोलला?"

त्याने माझ्या कापड कापायच्या टेबलावर खडूने चित्र काढलं. "हा ट्रेलर. ही चाकं. तराजू समज, चाकं म्हणजे मधला काटा. वजन चाकांच्या पुढे थोडं जास्त असलं की हा दांडा गाडीच्या हुकावर दाबून बसतो. तसाच बसायला पाहिजे. वजन मागे गेलं की दांडा गाडीला वर उचलतो. मग गाडीची मागची चाकं हलकी होतात. उतारावर मागचं ढकलतं आणि पुढचं धरून ठेवत नाही."

"ट्रेलर तर तोच होता. किती वर्षं तोच होता."

"रोटाव्हेटर नवा होता ना," मिस्त्री म्हणाला.

नवा रोटाव्हेटर रुंद होता, जड होता. मोठ्या बागेचं काम मिळालं म्हणून हिने घेतला होता. ट्रेलरच्या फळीवर पुढे हिने एक लाकूड ठोकलं होतं. ट्रॅक्टरची पुढची चाकं त्या लाकडाला टेकली की बस, थांबायचं. जुन्या रोटाव्हेटरला ती जागा बरोबर होती. नवा आला तरी ट्रेलर तोच, लाकूड तेच, आणि थांबायची जागाही तीच. पुढे सरकायला जागाच नव्हती. बकेट ट्रेलरच्या पुढच्या कठड्याला लागत होतं.

खडूचं ते चित्र मी पुसलं नाही. त्याच्या बाजूला कापड पसरून कापायचो.

ट्रॅक्टर मिस्त्रीने घरी आणून अंगणात लावला. ट्रेलरचं एक चाक मोडलं होतं, तो तिथेच वळणावर कडेला राहिला. रस्तेवाल्यांचा फोन आला, घेऊन जा म्हणून. मी हो म्हटलं.

आम्हाला एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. अजूनही ठरत नाही. शिकून झाल्यावर ती आईबरोबरच कामाला जायची. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून घरी राहिली होती. या गोष्टीबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

एका सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो तर ट्रॅक्टरची खोळ काढून घडी करून ठेवलेली. भिंगरी बॉनेट उघडून आत वाकलेली.

"काय करतेस?"

"ऑइल बघतेय."

"कशाला?"

"ट्रॅक्टरमध्ये ऑइल लागतं, बाबा."

"ते मला माहितीये. आज कशाला?"

ती सरळ झाली. आईच्या जुन्या शर्टाला हात पुसले. "डोंगराखालच्या रोपवाटिकेच्या बाईंचा फोन होता. आईने त्यांना शब्द दिला होता. त्यांची माती तशीच पडलीये."

"त्यांना सांग, शब्द देणारी गेली."

"सांगितलं. त्या रडल्या. मग मी म्हटलं, मी येते."

 मी हातातला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "आपण विकून टाकू हा ट्रॅक्टर," मी म्हटलं.

"विका. ज्याला विकाल त्याच्याकडे मी ड्रायव्हर म्हणून जाईन. मला हेच काम येतं. तो कसल्या ट्रेलरवर घालून नेईल, ते मग त्यालाच माहीत."

अगदी आईसारखं बोलली. समोरच्याला पुढे काय बोलायचं ते सुचूच नये असं. मी आत गेलो, परत बाहेर आलो. ती पुन्हा बॉनेटमध्ये वाकली होती. मागून बघितलं तर शर्ट तोच, वाकायची पद्धत तीच. मला घाम फुटला. दुःख नव्हे, भीती. हिच्या जाण्यानंतर मला वाटलं होतं, आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही. ते खोटं होतं. उरलं होतं, आणि ते माझ्यासमोर ऑइल बघत होतं.

"ट्रेलर मी निवडणार," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्हाला ट्रेलरमधलं काय कळतं?"

"मला माप कळतं."

तिने बॉनेट खाली घेतलं. माप मला खरंच कळतं. तोवर शिवलेली सीट मला कधी परत उसवावी लागली नव्हती.

हिची पिकअप भंगारात गेली होती. मिस्त्रीने स्वतःची दिली. "घेऊन जा, मला कुठे हिंडायचंय," म्हणाला. ती तशीच होती, फक्त रंग वेगळा. तिच्यात बसून मी आणि भिंगरी शहराबाहेरच्या ट्रेलरवाल्याकडे गेलो. सपाट रस्ता, मागे काही जोडलेलं नाही, तरी मी दाराचा दांडा धरून बसलो होतो.

"बाबा, ते हँडल निघून येईल."

"तू पुढे बघ."

ट्रेलरवाल्याचं आवार म्हणजे खडी पसरलेलं मोठं मैदान. तिथे लहानमोठे ट्रेलर ओळीने उभे होते, सगळे नाक जमिनीला टेकवून. ट्रेलरवाला जाडजूड, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस होता. भिंगरीला त्याने ताई म्हटलं, मला काका. मी कोणाकडे न बघता सगळ्यात लांब ट्रेलरपाशी गेलो. त्याला एका बाजूला तीन चाकं होती. त्याच्यावर आमचं घर मावलं असतं.

"हा," मी म्हटलं.

"काका, काय न्यायचंय? विमान?"

"छोटा ट्रॅक्टर."

"आणि ओढणार कशाने? ह्या पिकअपने?" त्याने गाडीकडे बघितलं आणि मान हलवली. "काका, ट्रेलर म्हणजे चप्पल बघा. लहान घेतली तर टाच बाहेर. मोठी घेतली तर स्वतःच्याच पायात अडखळून तोंडावर पडणार. हा रिकामाच तुमच्या गाडीला जड आहे. भरून उतारावर निघाला, तर गाडी याला नेणार नाही. हा गाडीला घेऊन जाईल."

घेऊन जाईल. हे दोन शब्द त्याने सहज म्हटले, त्याला काही माहीत नव्हतं.  मी ट्रेलरच्या कडेला हात टेकला. लोखंड उन्हाने तापलं होतं तरी हात काढला नाही. तोपर्यंत मला वाटत होतं, सगळ्यात मोठा घेतला की झालं, मग भ्यायचं कारण नाही. आता दोन्हीकडून भीती. लहान घेतला तर डोलणार, मोठा घेतला तर ढकलणार.

ट्रेलरवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक खुर्ची ओढून दिली. मग तो सरळ कामाचं विचारायला लागला. ट्रॅक्टरचं वजन किती? बकेट लावलेलं की सुटं? मागे काय? मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय का? टाकी भरलेली असणार का? मी मिस्त्रीला फोन लावून दिला. मिस्त्रीने एकेक वजन सांगितलं, ट्रेलरवाल्याने हाताच्या तळव्यावर बेरीज केली. "टायरमधलं पाणी लोक विसरतात," तो म्हणाला. "दोन माणसं उभी राहावीत एवढं वजन असतं ते." भिंगरी तेवढ्यात पलीकडे चढायच्या फळ्या उचलून बघत होती, आपल्याला एकटीला उचलतात का म्हणून.

"आता लांबी सांगा, काका."

"साडेनऊ फूट," मी लगेच म्हटलं.

"मोजलंय?"

"मोजलंय म्हणजे? त्याची खोळ मी शिवलीये. बोटभर इकडेतिकडे नाही."

"यात सगळं आलं ना?"

"सगळं," मी म्हटलं.

खरंच म्हटलं. माझ्या डोळ्यासमोर अंगणातला ट्रॅक्टर होता, खोळ घातलेला. मी शिवलेली, पावसात एक थेंब आत जाऊ न देणारी. त्या खोळीचं माप मी झोपेतही सांगितलं असतं.

त्याने बारा फुटी काढला. एका बाजूला दोन चाकं, स्वतःचा ब्रेक, भक्कम दांडा. भिंगरी त्याच्याभोवती फिरली. "जुन्यापेक्षा लांब आहे," म्हणाली. जुना अकराचा होता. मीही म्हटलं, हो, लांब आहे. लहानही नाही, फार मोठाही नाही, दोन्हींच्या मधे. मला जरा श्वास घेता आला.

ट्रेलरवाला म्हणाला, "आत्ता पक्कं करू नका. घरी न्या, चढवून बघा, मग सांगा. ट्रेलर बघून घ्यायचा नसतो, चढवून घ्यायचा असतो."

घरी मिस्त्री येऊन थांबलेला होता. भिंगरीने ट्रेलर अंगणात सरळ लावला. एका झटक्यात मागे घेतला, हिला तर दोनदा पुढेमागे करावं लागायचं. मी तसं बोललो. मिस्त्री म्हणाला, "तिने ऐकलं असतं तर तुला जेवायला मिळालं नसतं." भिंगरी हसली. हिच्या मागे आम्ही तिघं पहिल्यांदा एकत्र हसलो असू.

मग ती ट्रॅक्टरवर चढली. रोटाव्हेटर लावलेलाच होता, तसाच न्यायचा होता. पुढची चाकं फळ्यांवर आली. ट्रेलरचं ढुंगण खाली गेलं आणि पिकअपची मागची बाजू वर आली. मी ओरडणार तोच मिस्त्रीने माझा दंड धरला. "चढताना तसं होतंच. वर गेली की बसेल."

ती वर गेली. पुढे, आणखी पुढे. बकेट समोरच्या कठड्याला लागलं आणि खण्ण आवाज झाला. मागची मोठी चाकं ट्रेलरच्या टोकाजवळ होती. रोटाव्हेटर जवळजवळ सगळा बाहेर, हवेत लोंबत. आणि पिकअप खाली बसलीच नाही. तिची मागची चाकं जमिनीला नुसती टेकल्यासारखी होती, पाहुणा खुर्चीच्या कडेवर टेकतो तशी. दांडा हुकात कुरकुरत होता.

माझ्या टेबलावरच्या मिस्त्रीच्या चित्रातलं सगळं अंगणात उभं होतं. आणि त्याच्या वर, सीटवर, माझी मुलगी बसली होती.

"खाली उतर!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "बंद कर ते! उतर खाली!"

"बाबा, थांबा, मागे घेऊन..."

"उतर म्हणतो ना!"

तिने इंजिन बंद केलं आणि बाजूने उडी मारली. पिकअप थोडी हलली. मी खाली मातीत बसलो.   भिंगरी माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचा चेहराही पांढरा पडला होता.

मिस्त्री शांतपणे ट्रॅक्टरच्या पुढून मागे चालत गेला. "हा साडेनऊ फूट नाही," तो म्हणाला. "कोणी सांगितलं साडेनऊ?"

"मी. खोळीचं माप आहे."

"खोळ कुठपर्यंत येते?"

 खोळ येते बॉनेटच्या नाकापासून सीटच्या पाठीपर्यंत. खोळ शिवताना ही म्हणाली होती, "अहो, बकेट आणि मागचं उघडंच राहू द्या. रोज काढघाल कोण करणार? त्यांना काय थंडी वाजतेय?" म्हणून मी तसं शिवलं. पाऊस लागू नये असं जे होतं ते सगळं त्या खोळीत होतं. गाडीला ओढायला लागतं ते सगळं नव्हतं. आणि ट्रेलरवाल्याने मला सरळ विचारलं होतं, सगळं आलं ना. मी सगळं म्हटलं होतं.

"उलटा चढवला तर?" मी विचारलं. "मागचं पुढे?"

"तर बकेट मागे लोंबेल," भिंगरी म्हणाली. "जागाच नाहीये, बाबा."

ती उठली. माझ्या दुकानातला लांब टेप घेऊन आली आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं. आधी ट्रॅक्टर खाली घेतला. मी बघितलं नाही, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मग तो सपाट जमिनीवर उभा करून आम्ही मोजलं. तिने टेपचं टोक बकेटच्या दातांना लावलं, मी रोटाव्हेटरच्या मागच्या पत्र्यापर्यंत गेलो. मोठं कापड मोजायचं असलं की दुकानात ही टेपचं दुसरं टोक धरायची. टेपला झोल पडू द्यायची नाही. भिंगरीनेही पडू दिला नाही.

"किती?" तिने विचारलं.

"चौदा फुटांच्या वर."

"किती वर?"

मी परत वाचलं. डोळे भरले होते म्हणून आकडे हलत होते. "चार बोटं."

मग मिस्त्रीने सांगितलं. ट्रॅक्टर मावला म्हणजे झालं नाही, तो पुढेमागे सरकवायला जागा पाहिजे. वजन नेमकं कुठे बसवायचं ते सरकवूनच कळतं. पण त्या जागेच्या नादात ट्रेलर इतकाही मोठा नको की पिकअपला आवरणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बारा फुटी परत दिला. मी ट्रेलरवाल्याला सांगितलं, "माप चुकलं. खोळीचं होतं."

तो हसला नाही. "बरं झालं चढवून बघितलं," एवढंच म्हणाला. मग त्याने अठरा फुटी काढला. दोन ॲक्सल, दोन्हींना ब्रेक. पिकअपला झेपेल त्याच्या आत वजन, आणि वर थोडं शिल्लक. मी प्रत्येक नट हाताने फिरवून बघितला. त्याने बघू दिलं.

अंगणात तो चढवताना मिस्त्रीने आधी रिकाम्या पिकअपच्या मागच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजली. भिंगरी ट्रॅक्टर घेऊन वर गेली आणि मधे थांबली. उंची मोजली. थोडं पुढे. मोजली. आणखी थोडं पुढे. शेवटी पिकअप तीन बोटं खाली बसली, जड पोतं ठेवल्यासारखी, आणि मिस्त्री म्हणाला, "बास. हीच जागा."

भिंगरी आतून एक लाकूड घेऊन आली. पुढच्या चाकांपुढे ते ठेवलं आणि स्वतः ठोकलं. मी बघत होतो. प्रत्येक घावाला मला वाटत होतं, हे लाकूडही एक दिवस चुकीच्या जागी असेल.

"नवं काही लावलंस की हे उपटायचं," मी म्हटलं. "परत मोजायचं. नुसता एक पाना जास्त घेतलास तरी."

"हो, बाबा."

"हो नाही. तोंडाने सांग काय करायचं."

"उपटायचं. परत मोजायचं."

रोपवाटिकेला निघालो त्या सकाळी ती म्हणाली, तुम्ही नका येऊ. मी येऊन बसलो. सपाट रस्त्यावर मी मागेच बघत होतो. ट्रेलर सरळ येत होता, आखून दिलेल्या रेषेवरून चालल्यासारखा. उताराच्या तोंडाशी तिने गाडी बाजूला घेतली. मी उतरलो. साखळ्या ओढून बघितल्या, हूक बघितला, साखळ्या परत बघितल्या. मग मला गाडीत चढता येईना. दाराला हात लावला की पाय मागे येत होता.

तिने इंजिन बंद केलं. घाई केली नाही. खिडकीतून म्हणाली, "बाबा, चालत आलात तरी चालेल. मी खाली थांबते."

मी चालत गेलो असतो तर ती एकटी उतरली असती, आणि मी वरून बघत राहिलो असतो. मी चढलो आणि पट्टा लावला.

तिने दुसरा गिअर टाकला. गाडी कण्हत, हळू निघाली. पहिलं वळण गेलं. माझी पाठ सीटला चिकटली होती. ही सीट मीच शिवलेली, मिस्त्रीने सांगितलेल्या तपकिरी रंगाची. मी तिची शिवण बोटांनी मोजत होतो, म्हणजे बोटांना काही काम राहील. मागून एक मोठा ट्रक आला आणि जोरात ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर हलला. एकदा इकडे, एकदा तिकडे. गाडीच्या पाठीला कोणीतरी हाताने ढकललं असं वाटलं.

"ब्रेक..." माझ्या तोंडातून निघालं.

"नाही," ती म्हणाली. तिने पाय नुसता उचलला. स्टिअरिंग सरळ धरलं. तिच्या मनगटावरच्या शिरा मला दिसत होत्या. ट्रेलर आणखी एकदा हलला, मग कमी, मग थांबला. दांडा हुकात दबून बसलेला होता. पिकअपने रस्ता सोडला नाही.

ती रडत होती, पण डोळे रस्त्यावरून हलवले नाहीत.

दुसरं वळण आलं. कडेला, कठड्याला टेकून, जुना ट्रेलर होता. एक चाक मोडलेलं, बाजूला गवत वाढलेलं. तिने बघितलं नाही. मी बघितलं. फळीवर पुढे हिने ठोकलेलं लाकूड तसंच होतं.

रोपवाटिकेच्या बाई फाटकात उभ्या होत्या. भिंगरीने ट्रॅक्टर खाली घेतला आणि कामाला लागली. मी झाडाखाली बसून राहिलो. संध्याकाळी परत चढ चढून आलो. चढताना मला तेवढी भीती वाटली नाही. आता ती एकटी जाते. ती परत येईपर्यंत दुकानात मी जे टाके घालतो ते दुसऱ्या दिवशी उसवावे लागतात.

ट्रॅक्टरला नवी खोळ शिवलीये, बकेटपासून रोटाव्हेटरपर्यंत. जुना ट्रेलर अजून वळणावरच आहे. रस्तेवाल्यांचा परत फोन आला होता. मी हो म्हटलं. अजून आणलेला नाही.